स्वयंचलित वैद्यकीय नोंदींसाठी ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता : बुरोंडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषण मुद्रित करून त्यावरून तपासणीची नोंद आपोआप तयार करणारी संगणकप्रणाली अलीकडच्या काळात वैद्यकीय व्यवसायात येत आहे. या प्रणालीच्या यशापयशाची चर्चा बहुधा संगणकाच्या बुद्धिमत्तेभोवती फिरते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, नोंदीची विश्वासार्हता प्रामुख्याने त्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे खोलीत, मायक्रोफोनपाशी ठरते. रत्नागिरी जिल्ह्यातील बुरोंडीसारख्या किनारपट्टीच्या गावातील परिस्थिती, मराठीतील ध्वनींचे स्वरूप आणि ध्वनिमुद्रणाची मूलतत्त्वे यांचा एकत्रित विचार करून अल्प खर्चात करता येण्याजोगे उपाय येथे मांडले आहेत.

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रण, वैद्यकीय नोंद, स्वयंचलित शब्दांकन, मराठी ध्वनी, कोकण, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना

बुरोंडी हे दापोली तालुक्यातील, अरबी समुद्राच्या काठावरील मच्छीमारांचे गाव होय. दापोलीच्या या किनारपट्टीवर कोळी, खारवी, कुणबी, मुस्लिम अशा विविध समाजांची वस्ती असून प्रत्येकाच्या बोलीला स्वतःची लकब आहे. पावसाळ्यात या परिसरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पत्र्याच्या छपरावर पावसाची सर कोसळू लागली की समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनाही एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येत नाही, हा कोकणातील प्रत्येकाच्या अनुभवाचा भाग आहे. आणि नेमक्या याच दिवसांत तापाचे रुग्ण वाढतात.

अशा एखाद्या दवाखान्यात संभाषण ऐकून आपोआप नोंद लिहिणारे यंत्र ठेवले तर काय होईल? हा प्रश्न आता केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. केंद्र शासनाच्या 'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेचा आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठीचा भाग २०१९ मध्ये आणि रुग्णांनी घरबसल्या वापरावयाचा भाग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. भारतीय भाषांसाठीचा 'भाषिणी' हा उपक्रम जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला. आरोग्यनोंदी संगणकावर येणे आणि संगणकाला भारतीय भाषा ऐकू येणे या दोन्ही प्रवाहांचा संगम स्वाभाविक आहे. ज्या डॉक्टरला सकाळच्या वेळात अनेक रुग्ण पाहावयाचे असतात, त्याला लिहिण्याच्या कामातून मोकळीक मिळणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ही मोकळीक कोणाच्या जोखमीवर मिळते, याचा विचार होणे तितकेच आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. स्वयंचलित नोंद कशी तयार होते आणि तीत चुका कोठे शिरतात हे स्पष्ट करणे.
२. मराठीतील आरोग्यविषयक संभाषणात कोणते शब्द ध्वनिदृष्ट्या नाजूक आहेत हे दाखविणे.
३. ग्रामीण दवाखान्यात मुद्रणाची गुणवत्ता वाढविण्याचे व्यवहार्य उपाय सुचविणे.

१. नोंदीचे मोल

रुग्णाने काय सांगितले हे अचूक टिपून ठेवण्याचे मोल कोकणाला नव्याने सांगावयास नको. रत्नागिरीच्या उत्तरेस लागून असलेल्या रायगड जिल्ह्यात, महाड परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाचा दंश झालेल्या रुग्णांची लक्षणे चिकाटीने नोंदविली. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे हृदयावरील संकटाची पूर्वसूचना असतात, हे त्यांनी १९८२ साली 'द लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकातून जगापुढे मांडले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने अशा रुग्णांचे प्राण वाचू शकतात हेही त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. मोठ्या प्रयोगशाळेचे पाठबळ नसताना, रुग्णाच्या खाटेजवळ बसून केलेल्या निरीक्षणांतून आणि नोंदींतून हे ज्ञान उभे राहिले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. तपासणीची नोंद ही केवळ कारकुनी बाब नव्हे. घाम प्रथम आला की उलटी प्रथम झाली, दंश होऊन एक तास झाला की चार तास, हातपाय गार होते की नव्हते, अशा बारीक तपशिलांवर निदान उभे असते. नोंद लिहिणारा हात डॉक्टरचा असो वा यंत्राचा, हे तपशील सुरक्षित राहिले पाहिजेत.

२. स्वयंचलित नोंद कशी तयार होते?

ही प्रक्रिया स्थूलमानाने तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मायक्रोफोन हवेतील कंपने विद्युत संकेतात आणि पुढे अंकांत रूपांतरित करतो. दुसऱ्या टप्प्यात शब्दांकन करणारी प्रणाली त्या अंकांवरून बोललेले शब्द ओळखते. तिसऱ्या टप्प्यात भाषाप्रणाली त्या शब्दांमधून तक्रार, कालावधी, पूर्वेतिहास, औषधे अशा मथळ्यांखाली सुबक नोंद तयार करते.

येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, पहिल्या टप्प्यावर जे हरवले ते पुढील कोणताही टप्पा परत आणू शकत नाही. तो केवळ अंदाज करू शकतो. दुसऱ्या टप्प्यातील प्रणाली अस्पष्ट ध्वनीच्या जागी तिला सर्वांत संभाव्य वाटणारा शब्द घालते आणि तिसरी प्रणाली त्या शब्दाभोवती निर्दोष वाक्य रचते. परिणामी मूळची शंका अदृश्य होते. हाताने लिहिलेले वाईट अक्षर निदान वाईट दिसते. वाचणारा थांबतो, विचारतो. यंत्राची चुकीची नोंद मात्र बरोबर नोंदीइतकीच स्वच्छ दिसते. सदर प्रणालीतील खरा धोका हाच होय.

३. मराठी आरोग्यसंवादातील नाजूक शब्द

मराठीत नेहमीच्या तक्रारी सांगणारे अनेक शब्द एकाच ध्वनीने वेगळे झालेले आहेत. 'ताप' आणि 'धाप' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. 'त' अघोष व अल्पप्राण, तर 'ध' घोष व महाप्राण, दोन्ही दंत्य. 'पोट' आणि 'बोट', 'हात' आणि 'दात', 'कान' आणि 'मान' या जोड्याही अशाच आहेत. 'मळमळ', 'जळजळ' आणि 'तळमळ' या तीन शब्दांत बाकी सर्व ध्वनी समान असून केवळ एक-दोन व्यंजने बदलतात. परंतु वैद्यकीय अर्थ सर्वस्वी भिन्न आहे. संख्यांच्या बाबतीत 'सात', 'आठ' आणि 'साठ' हे शब्द एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत.

काही ठिकाणी मराठीचे व्याकरण मदतीस येते. 'कान दुखतो' आणि 'मान दुखते' यांत क्रियापदाचे लिंग वेगळे असल्याने नामाचा पहिला ध्वनी हरवला तरी अर्थ सावरला जातो. 'ताप येतो' आणि 'धाप लागते' यांतही क्रियापद आधार देते. परंतु 'पोट दुखते' आणि 'बोट दुखते' यांत असा आधार नाही. शिवाय बोलण्यात माणसे पूर्ण वाक्ये क्वचितच वापरतात. "काय होतंय?" या प्रश्नाला "ताप" एवढेच उत्तर येते.

याहून गंभीर बाब नकाराची आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो : 'गोळी घेतली नाही', 'खोकला नाही'. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज उतरतो. म्हणजे संपूर्ण वाक्याचा अर्थ फिरविणारा शब्द वाक्यातील सर्वांत क्षीण जागी असतो. बोलीत तर त्याचे 'नाय' असे आखूड रूप होते. पंख्याच्या घरघरीत हे 'नाय' बुडाले तर 'गोळी घेतली' एवढेच शिल्लक राहते आणि नोंदीत नेमके उलटे विधान जाते.

आता कोकणातील पावसाळ्यातील एक प्रसंग उदाहरणादाखल कल्पून पाहू. भातलावणीहून आलेल्या एका बाईंना डॉक्टर विचारतात, "काकी, ताप किती दिवस?" त्या सांगतात, "चार दिवस झाले, डॉक्टर. पोटऱ्या भरून आल्यात, चालवत नाय. खोकला नाय." कोकणात पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून पसरतो. तापासोबत पोटऱ्यांचे स्नायू विलक्षण दुखणे हे त्याचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. रोग बळावल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून संशय वेळीच येणे निर्णायक ठरते. वरील उत्तरातील 'पोटऱ्या' हा शब्द पावसाच्या आवाजात अर्धवट पोचला, तर यंत्र अधिक परिचित असलेला 'पोट' हा शब्द निवडण्याची शक्यता मोठी आहे. मग नोंद होईल : 'चार दिवस ताप, पोटात दुखणे.' वाक्य निर्दोष, परंतु निदानाचा धागा तुटलेला. समोरच्या डॉक्टरने तो शब्द स्वतः ऐकलेला असतो. पण प्रकृती बिघडून रुग्णाला रात्री दुसरीकडे हलवावे लागले, तर तेथील डॉक्टरच्या हाती फक्त नोंद असते.

औषधांच्या नावांचाही असाच प्रश्न आहे. 'मेटफॉर्मिन' हे मधुमेहाचे आणि 'मेट्रोनिडॅझोल' हे अमीबाजन्य हगवणीसारख्या संसर्गांवरील औषध. दोन्ही नावांचा आरंभ सारखाच. मराठी वाक्यात इंग्रजी नाव आणि तेही स्थानिक उच्चारात आले की यंत्राची परीक्षा अधिकच कठीण होते. 'अर्धी', 'दीड', 'अडीच' हे मात्रेचे शब्दही लहान असून सहज निसटतात.

४. आवाज कोठे व कसा बिघडतो?

*अंतर.* मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. सामान्य संभाषणाची पातळी एक मीटर अंतरावर साधारण ६० डेसिबल असते. खोलीतील पावसाचा गोंगाटही ६० डेसिबल आहे असे गृहीत धरू. मायक्रोफोन रुग्णापासून एक मीटरवर असेल तर बोलणे आणि गोंगाट समसमान होतात. दोहोंतील फरक शून्य. तोच मायक्रोफोन २५ सेंटीमीटरवर आणला तर अंतर दोनदा निम्मे होते, बोलण्याची पातळी ७२ डेसिबल होते आणि गोंगाट तेवढाच राहतो. म्हणजे कोणतेही नवे यंत्र न घेता १२ डेसिबलचा लाभ झाला. संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त उपाय या एका हिशेबात सामावलेला आहे.

*अनुरणन.* गिलावा केलेल्या भिंती, फरशी आणि काचेच्या खिडक्या आवाज परावर्तित करतात. मूळ ध्वनी संपल्यावरही त्याची शेपटी खोलीत रेंगाळते आणि पुढच्या व्यंजनावर पसरते. मानवी कान दोन बाजूंनी ऐकून ही शेपटी बरीचशी वेगळी काढतो. एकाच मायक्रोफोनला ते साधत नाही. म्हणूनच 'मला तर स्पष्ट ऐकू आले' हा डॉक्टरचा अनुभव मुद्रणाच्या गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही.

*ओरडून बोलणे.* गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एतियेन लोंबार यांनी १९११ साली या घटनेचे वर्णन केले. परंतु चढ्या आवाजात स्वर जितके मोठे होतात तितकी व्यंजने होत नाहीत, आणि वर दाखविल्याप्रमाणे मराठीत अर्थाचा भार अनेकदा व्यंजनांवरच असतो. शिवाय मोठ्या आवाजाने मुद्रणाची मर्यादा ओलांडली की ध्वनितरंगाची शिखरे कापली जातात. हे नुकसान भरून निघत नाही. सबब रुग्णाला मोठ्याने बोलावयास सांगणे हा उपाय नव्हे.

*नमुनादर.* अंकीय मुद्रणात आवाजाचे दर सेकंदाला ठरावीक संख्येने नमुने घेतले जातात आणि नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता जतन होतात. पारंपरिक दूरध्वनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स'सारख्या उष्म वर्णाची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. त्यामुळे दूरध्वनीवर 'साठ' हा शब्द 'आठ'च्या जवळ जातो. वय, मात्रा, रक्तातील साखर यांविषयी बोलताना हा फरक किती मोलाचा आहे हे वेगळे सांगावयास नको. शब्दांकनासाठी १६,००० हर्ट्झचा नमुनादर सामान्यतः पुरेसा मानला जातो. त्यात ८००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा सुरक्षित राहतो.

*एकाच वेळी अनेक आवाज.* आपल्याकडे रुग्ण क्वचितच एकटा येतो. सासूची तक्रार सून सांगते, मध्येच मुलगा दुरुस्ती करतो. दोन आवाज एकमेकांवर आले की शब्द तर हरवतातच, शिवाय कोणाचे लक्षण कोणाच्या नावावर लागेल याची खात्री राहत नाही.

५. गुणवत्ता वाढविण्याचे उपाय

खोलीची निवड हा पहिला उपाय होय. पत्र्याच्या पडवीपेक्षा स्लॅबखालील किंवा कौलाखालील आतली खोली केव्हाही चांगली. जाड पडदे, खाटेवरील गादी, सतरंजी, कागदपत्रांनी भरलेली उघडी मांडणी या साध्या वस्तू अनुरणन कमी करतात. मायक्रोफोन पंख्याच्या थेट झोताखाली नसावा. त्यावर स्पंजाचे आवरण असावे. लक्षणे सांगण्याच्या दोन-तीन मिनिटांपुरता पंख्याचा वेग कमी करणे बहुधा शक्य असते.

दुसरा उपाय मायक्रोफोनच्या जागेचा. टेबलावर मधोमध ठेवलेला मोबाईल हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट प्रकार होय. तो डॉक्टरच्या जवळ आणि रुग्णापासून दूर असतो. टेबलावर आपटणारी पेटी, सरकणारी खुर्ची यांचे धक्केही त्यात थेट उतरतात. कपड्याला लावण्याचे दोन लहान मायक्रोफोन, एक डॉक्टरला व एक रुग्णाला, आणि दोन्हींचे मुद्रण स्वतंत्र वाहिन्यांवर, ही व्यवस्था आदर्श ठरते. त्यामुळे अंतर कमी होते आणि कोण बोलत आहे हे ओळखण्याचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटतो. एकच मायक्रोफोन असेल तर तो रुग्णाच्या बाजूला ठेवावा. डॉक्टरचे शिक्षित, सरावाचे उच्चार यंत्राला दुरूनही तुलनेने सोपे जातात. एकाच दिशेचा आवाज घेणारा मायक्रोफोन असल्यास त्याची पाठ खिडकीकडे किंवा प्रतीक्षाकक्षाकडे असावी. मऊ कापडाची किंवा रबराची घडी खाली ठेवल्यास टेबलाचे धक्के कमी होतात.

तिसरा उपाय मांडणीचा. मुद्रणाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील. पातळी आपोआप वरखाली करणारी सोय शक्य तेथे बंद ठेवावी. कारण रुग्ण थांबला की ती सोय गोंगाटच उचलून मोठा करते. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी पाच सेकंद कोणीही न बोलता जाऊ द्यावेत. त्यावरून खोलीतील गोंगाट मोजता येतो आणि तो मर्यादेबाहेर असेल तर यंत्राने तसे आधीच सांगावे.

चौथा उपाय साठवणीचा व प्रेषणाचा. १६,००० हर्ट्झ, १६ बिट, एकवाहिनी असे दहा मिनिटांचे असंपीडित मुद्रण सुमारे १९ मेगाबाइट होते. डोंगरउताराच्या गावात मोबाईलचे जाळे क्षीण असते. तेव्हा संभाषण चालू असतानाच आवाज पाठवू गेल्यास मधले तुकडे गळतात. म्हणून मुद्रण प्रथम जागेवरच पूर्ण करावे आणि नंतर पाठवावे. संपीडन अटळ असेल तर २०१२ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या 'ओपस' या खुल्या पद्धतीने ३२ किलोबिट प्रतिसेकंद या दराने तेच मुद्रण सुमारे २.४ मेगाबाइटमध्ये बसते आणि बोलण्याची सुस्पष्टता चांगली राहते. दूरवैद्यक सल्ल्यातही हेच तत्त्व लागू पडते. रुग्णाचा आवाज जाळ्यावर चढण्यापूर्वी, त्याच्याच बाजूला मुद्रित झाला तर पलीकडे पोचलेल्या खंडित आवाजावरून नोंद करण्याची वेळ येणार नाही.

आणि अखेरचा उपाय म्हणजे यंत्र बंद ठेवण्याची तयारी. मुसळधार सर चालू असताना मुद्रण करण्याऐवजी डॉक्टरने दोन ओळी हाताने लिहिणे अधिक सुरक्षित असते.

६. गोंगाट काढून टाकणाऱ्या प्रणाली : उपयोग व मर्यादा

मुद्रणानंतर गोंगाट काढून टाकणाऱ्या अनेक प्रणाली आज उपलब्ध आहेत. पंख्याची घरघर एकसारखी असल्याने ती ओळखून वजा करणे तुलनेने सोपे असते. पावसाचा आवाज मात्र विस्तृत पट्ट्यात पसरलेला आणि सरीगणिक बदलणारा असतो. 'स', 'श', 'फ' यांसारख्या ध्वनींशी त्याचे साम्य असल्याने गोंगाटाबरोबर हे वर्णही पुसले जाण्याचा संभव असतो. मानवी कानाला सुखद वाटणारा स्वच्छ आवाज यंत्रासाठी अधिक अचूक असेलच असे नाही. किंबहुना शुद्धीकरणाने निर्माण झालेल्या नव्या विकृतीमुळे शब्दांकन बिघडूही शकते. मोबाईलमधील अंगभूत प्रणाली तर कित्येकदा दूरच्या, क्षीण आवाजालाच गोंगाट समजते आणि दुसऱ्या खुर्चीवरील वृद्ध रुग्णाचे बोलणे दाबून टाकते. म्हणून मूळ मुद्रण आहे तसे जपावे, शुद्धीकरण त्याच्या प्रतीवर करावे आणि कोणत्या प्रतीवरून शब्दांकन अधिक अचूक होते हे प्रत्यक्ष तपासून ठरवावे.

७. रिक्त जागा भरण्याची प्रवृत्ती

सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'व्हिस्पर' ही शब्दांकनप्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिसामग्रीवर शिकविलेली असून ती मराठीसह अनेक भाषा ओळखते. या प्रणालीविषयी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील अ‍ॅलिसन कोनेके व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या इंग्रजी मुद्रणांपैकी सुमारे १ टक्का मुद्रणांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये वा वाक्यांश आढळले आणि त्यांपैकी सुमारे ३८ टक्के मजकूर अपायकारक स्वरूपाचा होता. मेंदूच्या विकारामुळे ज्यांना बोलताना अडखळावे लागते, अशा व्यक्तींच्या मुद्रणांत, म्हणजे जेथे मधले विराम लांब होते तेथे, हे प्रमाण अधिक होते.

या निष्कर्षाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. वेदनेने थांबत बोलणारा, शब्द शोधणारा, संकोचाने गप्प होणारा रुग्ण हा दवाखान्यातील अपवाद नसून नियम आहे. 'अंगावरून जाते' असे हळू आवाजात सांगून थांबणारी स्त्री यंत्राच्या दृष्टीने शांतता आणि गोंगाट यांच्या सीमेवर असते. त्या शांततेत यंत्राने काही लिहू नये, हे महत्त्वाचे. यास्तव प्रत्येक शब्दाबाबतचा विश्वासांक तपासून, तो कमी असेल तेथे 'अस्पष्ट' असे लिहिण्याची आणि त्या ठिकाणचे मुद्रण एका कळीवर पुन्हा ऐकण्याची सोय असली पाहिजे. 'अस्पष्ट' हा शब्द नोंदीचा दोष नव्हे, तो तिचा प्रामाणिकपणा होय.

बोलींचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सुमारे ८.३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. परंतु संगणकाला शिकविण्यासाठी सहज मिळणारी मराठी बहुतांशी प्रमाण, वाचलेली वा प्रसारित झालेली असते. चेन्नई येथील आय.आय.टी. मद्रासमधील 'एआयफॉरभारत' या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इंडिकव्हॉइसेस' या संग्रहात २२ भारतीय भाषांतील स्वाभाविक बोलणेही समाविष्ट करण्याचा प्रयत्न आहे, ही आशादायक बाब होय. तथापि ज्या बोलीचा आवाज यंत्राने कमी ऐकला आहे, तिच्या बाबतीत ते अंदाजावर अधिक विसंबते. म्हणजे उत्तम मुद्रणाची गरज शहरातील सुसज्ज रुग्णालयापेक्षा बुरोंडीसारख्या गावाला अधिक आहे.

८. गुणवत्तेचे मोजमाप

शब्दांकनाची अचूकता शेकडा किती शब्द चुकले यावरून मोजण्याची रूढ पद्धत आहे. परंतु या पद्धतीत 'तर' चुकला काय आणि 'नाही' चुकला काय, दोन्हींचे वजन सारखेच. शंभर शब्दांच्या संभाषणात एकच 'नाही' गळला तर चूक एक टक्का भरते आणि अर्थ शंभर टक्के उलटा होतो. म्हणून नकार, संख्या, कालावधी, उजवी-डावी बाजू, अवयव आणि औषध या सहा प्रकारच्या शब्दांची स्वतंत्र मोजणी व्हावयास हवी.

याकरिता कोणत्याही दवाखान्यास करता येईल अशी एक चाचणी सुचविता येते. 'ताप-धाप', 'पोट-पोटऱ्या', 'आठ-साठ', 'घेतली-घेतली नाही' अशा शब्दांची वीस छोटी वाक्ये तयार करावीत. गावातील वेगवेगळ्या वयाच्या व बोलीच्या स्त्रीपुरुषांकडून ती स्वाभाविकपणे बोलवून घ्यावीत. मायक्रोफोन २५ सेंटीमीटर, ५० सेंटीमीटर व एक मीटर अंतरावर ठेवून, पंखा बंद व चालू असताना आणि शक्य झाल्यास पावसात मुद्रण करावे. कोणत्या अंतरावर व स्थितीत कोणते शब्द चुकतात याचा तक्ता मांडला की त्या खोलीपुरते उत्तर मिळते. खऱ्या रुग्णाची माहिती यात येत नसल्याने गोपनीयतेचा प्रश्नही उद्भवत नाही.

९. संमती आणि फेरउच्चार

संभाषण मुद्रित करणे हे रुग्णाच्या खाजगी जीवनात डोकावणे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. मुद्रण कशासाठी होते, ते किती दिवस राहील, कोण ऐकेल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे आणि 'नको' म्हणण्याची मोकळीक खरीखुरी असली पाहिजे. मुद्रण चालू आहे या जाणिवेने रुग्ण आवाज दाबून बोलू लागला, तर मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी व्यर्थ होय. विश्वास ही सुद्धा ध्वनिगुणवत्तेची एक अट आहे.

शेवटी एका जुन्याच सवयीचा उल्लेख करावयास हवा. चांगला डॉक्टर रुग्णाचे म्हणणे त्यालाच परत सांगतो : "म्हणजे काकी, ताप चार दिवस, पोटऱ्या दुखतात, खोकला नाही. बरोबर?" या फेरउच्चाराने तीन गोष्टी एकाच वेळी साधतात. रुग्णाला चूक दुरुस्त करण्याची संधी मिळते. डॉक्टरचे स्वतःचे ऐकणे पडताळले जाते. आणि निर्णायक शब्द मायक्रोफोनजवळच्या स्पष्ट आवाजात दुसऱ्यांदा मुद्रित होतात; विशेषतः वाक्याच्या शेवटी बुडालेला नकार ठामपणे पुन्हा उच्चारला जातो. कोणत्याही शुद्धीकरणप्रणालीपेक्षा हा उपाय प्रभावी असून त्यास खर्च शून्य आहे.

समारोप

स्वयंचलित नोंदींचे तंत्र ग्रामीण डॉक्टरचा वेळ वाचवू शकेल आणि तो वेळ रुग्णाच्या वाट्याला येऊ शकेल, ही शक्यता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या नोंदीचा अंतिम परिणाम ज्याच्या शरीरावर होतो तो रुग्ण बहुधा ती वाचत नाही. ती वाचतो पुढच्या रुग्णालयातील डॉक्टर, औषध देणारा दुकानदार किंवा मुंबईहून फोनवर विचारपूस करणारा चाकरमानी मुलगा. आईने काय सांगितले होते हे त्यांना फक्त त्या कागदावरूनच कळते. तेव्हा मायक्रोफोन एक हात जवळ घेणे, पंखा क्षणभर मंद करणे, मूळ मुद्रण जपणे, संशयाच्या जागी 'अस्पष्ट' लिहिणे आणि नोंद मिटण्यापूर्वी ती रुग्णाला वाचून दाखविणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी कामे वस्तुतः वैद्यकीय कर्तव्याचाच भाग होत. यंत्र कितीही प्रगत झाले तरी पत्र्यावरच्या पावसात हरवलेला 'नाय' त्याला ऐकू येणार नाही. तो ऐकू येईल अशी व्यवस्था करणे हे माणसाचेच काम राहील.